पोलंडच्या कवीचा दगड

त्या कवीचं नाव मी लिहीत नाही. वडिलांनाही ते शेवटपर्यंत धड उच्चारता आलं नाही, आणि भिवंडीत तर कुणी तसा प्रयत्नही केला नाही. सगळे "मास्तरांचा दगड" एवढंच म्हणायचे. आमच्या चौकात उभा केलेला, जेमतेम कमरेएवढा काळा दगड होता तो. त्यावर मराठीत "कवी", उर्दूत "शायर" आणि खाली बारीक अक्षरांत ते नाव.

चौऱ्याऐंशीच्या दंगलीनंतर वस्तीवस्तीत शांतता कमिट्या झाल्या. वडील नुकतेच शाळेतल्या मास्तरकीतून निवृत्त झाले होते, म्हणून आमच्या वस्तीच्या कमिटीत त्यांना बसवलं. ही कमिटी दोन वर्षं एकाच प्रश्नावर अडली होती: चौकाला नाव कुणाचं द्यायचं? एका बाजूने नाव सुचवलं की दुसरी बाजू गप्प व्हायची, आणि त्या गप्प होण्याला सगळे घाबरायचे.

वडिलांनी पोलंडचा कवी सुचवला. तरुणपणी ते कोल्हापूरजवळ पोलिश निर्वासितांच्या छावणीत रेशनच्या कोठारावर कारकून होते. तिथल्या एक शिक्षिकाबाई या कवीच्या ओळी म्हणायच्या आणि मोडक्या इंग्रजीत त्यांचा अर्थ सांगायच्या. हा माणूस गावाबाहेर पडला तो कायमचाच, गावाची आठवण काढत परमुलखातच मेला. तिकडे कुठल्याशा शहरात उभारलेल्या त्याच्या पुतळ्याचा फोटो बाईंनी उशाखाली जपला होता. वडील कमिटीत म्हणाले, "आपल्या गावात निम्मी माणसं अशीच आहेत. पॉवरलूमवर उभी राहतात आणि आपला मुलूख आठवतात. हा त्यांचाच कवी."

आई म्हणाली, "घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं." मीही वडिलांची थट्टा केली, की निवृत्त झालात ते लष्कराच्या भाकऱ्या भाजायलाच. पण कमिटीने दगडापेक्षा वीट मऊ म्हणत होकार दिला आणि वडिलांनी त्याच्या नावाचा दगड बसवला. परक्या देशातला, कुणाच्याच जातीधर्मातला नाही, मग हरकत कोण घेणार?

चार-पाच वर्षं खरंच कुणी घेतली नाही. लोक दगडाला सायकली टेकवायचे, त्यावर चहाचे ग्लास ठेवायचे. बकऱ्या अंग घासायच्या. वडील रोज संध्याकाळी तिथवर फिरायला जायचे. चहाचे ग्लास ठेवतात याचा मला राग यायचा, त्यांना नाही. "माणसं जवळ येतात, बस झालं," म्हणायचे. मी त्यांना इतकं समाधानी आधी कधी पाहिलं नव्हतं.

मग एके दिवशी दगडाला शेंदूर लागला. कशेळीची एक म्हातारी सुकी मासळी घेऊन दगडाशेजारी बसायची. तिच्या नातवाचा ताप उतरला होता, म्हणून तिने शेंदूर लावला. वडील तिला समजवायला गेले, तर ती म्हणाली, "मास्तर, उबा दगर हाय. त्याला उपाशी ठेवाचा व्हय?" त्याच आठवड्यात शुक्रवारी शिफ्टवरून सुटलेल्या एका लूमवाल्या चाचांनी दगडावर हिरवी चादर घातली. वडिलांनी विचारल्यावर म्हणाले, "मास्टरजी, परदेस में मरा था न बेचारा? हमारे यहाँ ऐसे को अकेला नहीं छोड़ते."

मला वाटतं, त्या कवीला आमच्या गावात समजून घेतलं ते या दोघांनीच. वडिलांनी मात्र इथे चूक केली, आणि ती त्यांच्यासारखा मास्तरच करू जाणे. सकाळी बादली आणि साबण घेऊन गेले, शेंदूर घासून काढला आणि चादर घडी करून चाचांच्या घरी पोचवली. हा देव नाही, पीर नाही, कवी आहे, असं दोन्हीकडच्या लोकांना उभ्या उभ्या शिकवून आले. मी सांगत होते, "बाबा, राहू द्या ना." ते म्हणाले, "एकदा राहू दिलं की तो कुणाचातरी होईल."

दुपारपर्यंत गावात दोन बातम्या झाल्या. एका बाजूला, मास्तरने शेंदूर पुसला. दुसऱ्या बाजूला, मास्टर ने चादर उतारी. म्हातारीने बसायची जागा बदलली. चाचांनी सलाम बंद केला. ज्या माणसांनी कधी त्या दगडाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, ती आता तिथे घोळक्याने उभी राहू लागली.

पोलीस बंदोबस्तावरच्या साहेबांनी वडिलांना बोलावलं. ब्याण्णवचा पावसाळा संपला होता, सगळीकडची हवाच वाईट होती. साहेब आदबीने बोलले. "गुरुजी, आम्ही काढला तर भडका होईल. तुम्ही बसवला, तुम्हीच अर्ज द्या. माझ्या इच्छेने काढावा, असं लिहा."

अर्ज मी लिहिला. वडिलांनी कागद माझ्यापुढे सरकवला, म्हणून माझ्या अक्षरात लिहिला, "माझ्या इच्छेने" हे शब्दसुद्धा. त्यांनी फक्त सही केली. दगड टेम्पोत घालून दापोड्याला एका गोडाऊनच्या आवारात नेऊन टाकला. तो शोधायला मी एकदा गेले होते. तिथे नवी शेड उभी राहिली होती आणि असा दगड इथे आणला होता हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या हिवाळ्यात मुंबई पेटली. भिवंडी शांत राहिली. आमच्या गावाचं केवढं कौतुक झालं, आणि ते खरंच होतं, कमिट्यांची माणसं दिवसदिवस रस्त्यावर उभी होती. वडीलही उभे होते, त्या चाचांच्या शेजारी. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

पुढे उन्हाळ्यात साहेब आम्हाला बाजारात भेटले. आनंदाने वडिलांचे दोन्ही हात धरून म्हणाले, "बघितलंत ना गुरुजी? तो दगड काढला म्हणून गाव वाचलं."

मला भांडायचं होतं. दगड असता तरी गाव शांतच राहिलं असतं, हे मला ओरडून सांगायचं होतं, पण ते सिद्ध कसं करणार? वडिलांनाही ते करता येत नव्हतं. जन्मभर पोरांना "पुरावा काय?" विचारत आलेला माणूस.

"हो साहेब," वडील म्हणाले. "वाचलं."

घरी येताना त्यांनी चौकाचा रस्ता टाळला, आणि नंतर कधीच तो धरला नाही.