जमिनीवर गायब होणाऱ्या ठिणग्या

मी कॉम्प्युटरवर आगी लावते. चिंचवडच्या आमच्या छोट्या ऑफिसात हेच काम चालतं: कारखान्याची शेड सॉफ्टवेअरमध्ये उभी करायची, आग कुठे लागेल, धूर कुठे जाईल ते बघायचं आणि मालकाला सांगायचं. ठिणग्यांचं काम माझं. ग्राइंडरची ठिणगी म्हणजे तापलेला लोखंडाचा कण. त्याला आकार, वजन, तापमान द्यावं लागतं, उडताना तो किती निवेल तेही सांगावं लागतं. हे मला कुणी शिकवलं नाही. चुकत चुकत शिकले.

मग ती आली. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, आळंदी रस्त्यावरच्या जुन्या गावातली, सासरची जमीन एका मोठ्या प्लॉटिंगमध्ये गेलेली. स्वतःच्या गाडीने यायची. मीटिंगमध्ये बिनधास्त "व्हय साहेब" म्हणायची आणि साहेब हसायचे. माझ्या शुद्ध बोलण्यावर ते कधी हसल्याचं आठवत नाही.

चाकणच्या एका कारखान्याची पहिली शेड साहेबांनी तिला दिली. प्रेझेंटेशन पटलं की बाकीच्या सगळ्या शेडही आमच्याकडे येणार होत्या, आणि त्या सांभाळेल तीच पुढे विभागाची प्रमुख. ती खुर्ची मी मनात कधीच माझ्या नावावर केली होती. साहेब म्हणाले, "तुम्ही सोबत जा मॅडम, लक्ष ठेवा."

लक्ष ठेवलंच. तिची फाइल उघडली तर ठिणग्या उडत होत्या, खाली येत होत्या आणि तळाला टेकल्या की नाहीशा होत होत्या. सॉफ्टवेअरची ही मूळ सवय आहे. वेगळं सांगितलं नाही तर ते तळाशी पोचलेले कण पुसून टाकतं. खऱ्या शेडमध्ये ठिणगी जमिनीवर घरंगळते, कोपऱ्यात जाऊन धगधगत बसते. मी फाइल बंद केली आणि डबा उघडला. भेंडी होती. फार चविष्ट लागली.

प्रेझेंटेशनला शेडचे मॅनेजर, त्यांचे दोन सुपरवायझर आणि आमचे साहेब होते. पडद्यावर ठिणग्या सुरू झाल्या. मी लगेच विचारलं, "जमिनीवर पडल्यावर यांचं काय होतं?"

"थांबा ताई, तेच दाखवते," ती म्हणाली.

ठिणग्या जमिनीवर पडल्या, घरंगळल्या आणि भिंतीकडे गेल्या. कोपऱ्यात तिने एक पोतं काढलं होतं. थोड्या वेळाने पोतं धुमसायला लागलं.

"हे कसलं पोतं?" मॅनेजरनी विचारलं.

"निर्माल्याचं. खंडेनवमीला मशिनींना हार घातले ना तुमी? ते कचऱ्यात टाकायचे न्हाईत म्हणून पोत्यात भरलेत. आळंदीकडं कुणी गेलं की इंद्रायणीत सोडायचे. अजून कुणी गेलं न्हाई."

एक सुपरवायझर दुसऱ्याकडे वळला. "भावा, तुला म्हणालो होतो ना, घेऊन जा म्हणून!"

"माझी टू-व्हीलर आहे राव, पोतं काय डोक्यावर घेऊ?"

सगळे हसले. शेड बघायला आम्ही दोघी गेलो तेव्हा ते पोतं मीही पाहिलं होतं. त्याला वळसा घालून पुढे गेले होते.

साहेबांनी तिला विचारलं, "जमिनीचं तुम्हाला कसं सुचलं?"

"मला कुठलं? माझ्या ठिणग्या परवापर्यंत गायबच व्हायच्या. ताईंच्या एका जुन्या फाइलीत ओळ लिहिलेली सापडली, तळ बंद करा नाहीतर कण जातात. त्यांचंच हाय हे."

सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी मान हलवली. तिने ते स्वतःचं म्हणून खपवलं असतं तर मला साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन भांडता आलं असतं. तेवढीही सोय तिने ठेवली नाही.

निघताना मॅनेजर म्हणाले, "बाकीच्या शेडपण याच मॅडमना द्या." त्यांचं बोट तिच्याकडे होतं. साहेबांनी तिथल्या तिथे हो म्हटलं.

परत येताना तिच्याच गाडीत बसावं लागलं. चाकण चौकात नेहमीसारखी कोंडी. एसी छान गार होता, त्याचाही राग आला.

"ताई, रागावलाय व्हय?"

"कशाला रागावू?"

"मग पुढच्या शेडची फाइल तपासाल ना? तुमच्या नजरेतनं काही सुटत न्हाई."

"पाठव," मी म्हटलं. थेरगावला तिने मला अगदी सोसायटीच्या दारात सोडलं. फाइल त्याच आठवड्यात आली. मी ती ओळन् ओळ तपासली, आणि चूक सापडली नाही की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करत राहिले.