गेल्या वर्षीप्रमाणे

"भाऊ, या बाजूनं बोला," म्हणत त्या उजवा कान पुढे करायच्या. दिल्लीतल्या आमच्या सरकारी कचेरीत आम्ही दोघंच मराठी. त्या अमरावतीकडच्या, स्टेनो. साहेबांपुढे खुर्ची तिरकी लावून बसायच्या. नवा साहेब आधी खुर्चीवर चिडायचा, मग टाइप केलेला मजकूर वाचून गप्प व्हायचा.

मी भारी थट्टा करायचो. "ताई, डावीकडच्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?"

"बाथरूममध्ये पडले होते हो."

जिन्यात चक्कर यायची म्हणून कठडा सोडत नसत. पोळी चावताना जबडा कटकन वाजायचा. थंडीत मनगट सुजायचं, आणि डोकं तर बारा महिने दुखायचं. कारण सगळ्याला एकच, बाथरूम. "केवढं हो तुमचं बाथरूम!" असंही मी एकदा म्हणालो होतो. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दरवर्षी कचेरीत आरोग्य तपासणी असते. माझं अक्षर बरं, म्हणून सगळ्यांचे फॉर्म माझ्या गळ्यात. मी काय करायचो, गेल्या वर्षीचा फॉर्म समोर ठेवून उतरवून काढायचो. 'पूर्वीची दुखापत : नाही.' त्यांच्या नावापुढे नऊ वर्षं हेच. डॉक्टर ते वाचून "उमर हो रही है" म्हणायचे आणि डोकेदुखीच्या गोळ्या लिहून द्यायचे.

त्यांचा नवरा वारला, त्याच्या पुढच्या तपासणीला मी असाच 'नाही' लिहायला लागलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"थांबा भाऊ. यंदा खरं लिहा. नवऱ्यानं मारलं. सोळा वर्षं. कानावर, जबड्यावर. हात पिरगाळला. डोकं भिंतीवर आपटलं." साहेब मजकूर सांगतात तशा सांगत होत्या, सावकाश, मला लिहायला वेळ देत.

डॉक्टरांनी या वेळी मोठ्या तपासण्या करायला पाठवलं. कानाचा पडदा कधीचाच फाटलेला. मनगटाचं हाड मोडून वाकडं जुळलेलं. चक्कर आणि डोकेदुखी डोक्याच्या जुन्या मारामुळे असावी, म्हणाले. फाइल धरून मी शेजारीच उभा होतो.

"बहनजी, पहले क्यों नहीं बताया?"

"पूछा किसने?"

फॉर्मनं विचारलं होतं. उत्तर मी देऊन टाकलं होतं, सुवाच्य अक्षरात. मला फार लाज वाटली.

कान काही परत आला नाही. चक्कर थोडी कमी झाली. निवृत्त होऊन त्या अमरावतीला बहिणीकडे गेल्या.

यंदा मी कोरे फॉर्म घेऊन टेबलाटेबलाशी गेलो. लोक हसले, "क्या यार, पिछले साल का देख लो." ताईंच्या जागी आता एक नवी मुलगी बसते. सवयीनं मी तिच्या उजव्या बाजूला उभा राहिलो. "पूर्वी कधी काही लागलंय?" असं हिंदीत विचारलं.

"नहीं सर," ती म्हणाली. मग बाहीची बटणं लावत, "बस, बाथरूम में गिर गई थी."

मी काही लिहिलं नाही. खुर्ची ओढून बसलो.