आलेगोवालीची मितू

रिस्पा ओलूचची दुसरी बायको होऊन आमच्या उयोमात आली, तेव्हा तिच्या सामानात एक वाळका भोपळा होता आणि त्यात राखेत घोळलेलं मितूचं बी. आमच्याकडे बाईला तिच्या माहेरावरून हाक मारतात. रिस्पा आलेगोची, म्हणून आलेगोवाली. थोरली दोरसिला सेमेची, म्हणून सेमेवाली.

मितू कमरेएवढी वाढते. फुलं पिवळी, शेंगा वाळल्या की खुळखुळतात. तशी ती रानातलीच, पण आलेगोकडे परसात पेरतात. कोवळे शेंडे शिजवायचे, दुधात मुरवायचे आणि मक्याच्या पिठाच्या घट्ट उगालीशी खायचे. चव कडू. ओलूचला ती फार आवडली आणि थोरलीचं तिथेच बिनसलं.

"गवत खायला घालतेस नवऱ्याला," ती कुंपणापलीकडून म्हणायची. "उद्या गोठ्यात बांधशील."

"बांधीन की! दूध दिलंन तर तुलाही पाठवीन वाटीभर."

मग दोन वर्षं पाऊस फिरकला नाही. रिस्पानं शेवटची मूठ पेरली, ती उगवून करपली. तिची आई वारलेली, भावजयांनी मितू कधीच सोडून दिलेली. माहेरूनही बी मिळेना.

तिसऱ्या वर्षी पाऊस आला आणि मागची टेकडी पिवळीधमक झाली. रिस्पा टोपली घेऊन धावली. तीन-तीन पानं, पिवळं फूल. तिला वाटलं, हीच आपली. त्या दिवशी दीर आला होता. तिनं मोठं भांडं चढवलं आणि दोन्ही घरांत भाजी दिली. थोरलीनं आणि पोरांनी ती नेहमीसारखी बाजूला सारली.

संध्याकाळपर्यंत ओलूच आणि दीर पोट धरून लोळत होते. दुसऱ्या दिवशी उठून बसता आलं तसं दिरानं अंगणात वडीलधारी माणसं जमवली. "धाकटीनं भाजीत विषारी औषध घातलंय. हिला आजच्या आज माहेरी धाडा."

सगळ्यांनी थोरलीकडे पाहिलं. तिनं नुसती मान डोलावली असती तरी रिस्पाची रवानगी झाली असती.

दोरसिला पदर खोचून उठली. "औषध घालणारी स्वतः दोनदा ताट भरून जेवत नाही. घरामागे ओकत होती, मी पाहिलंय. ही वाईट नाही, आंधळी आहे."

"तू सवतीची बाजू घेतेस, वहिनी?"

"बाजू कसली डोंबलाची! हिला धाडलंत तर हिची चार पोरं कोण सांभाळणार? तुम्ही?"

माणसं हळूहळू पांगली.

त्याच दुपारी तिनं रिस्पाचं मनगट धरून तिला टेकडीवर नेलं. "फुलं काय बघतेस? इथे सगळ्यांचीच पिवळी. हे बघ, तू खुडलीस ती. पानावर लव, शेंग आखूड, फुगीर. आता हात लाव हिला." जुन्या वारुळाच्या कडेला तीन-चार रोपं उभी होती. पानं अरुंद, गुळगुळीत, निळसर झाक असलेली. फुलावर तांबूस रेघा. शेंग बारीक, लांब, टोकाशी गळासारखी वाकलेली.

रिस्पा बघतच राहिली. "तुला कसं ठाऊक?"

"सेमेत काय दुधातुपाच्या नद्या वाहतात? आईनं मला ह्याच्यावरच वाढवलं."

"मग गवत म्हणायचीस ते?"

"ते तुला म्हणत होते. भाजीला नाही."

रिस्पाला हसू आलं, आणि त्यातच रडूही. त्यांनी रोपांना चिंध्या बांधल्या, पान खुडलं नाही. शेंगा पिवळ्या पडल्या तशा फुटण्याआधीच तोडून आणल्या. पुढच्या पावसाला पालापाचोळा जाळलेल्या जागेवर ओळींनी बी पेरलं. निम्मं उगवलंच नाही. बियांचं कवच टणक, ते वाळूत चोळून घ्यावं लागतं, हे दोघींनाही पुढच्या खेपेला सुचलं. रोपं वीतभर झाली आणि रिस्पाचा हात शेंड्यांकडे गेला, तर दोरसिलानं फटका मारला. "ही ओळ बियाण्याची. हिला शिवायचं नाही."

त्या ओळीवरून त्या पुढे वर्षानुवर्षं भांडल्या. पण दोघींचं परस एकच झालं. ओलूच गेल्यावरही त्या तिथेच होत्या.

मी लग्न होऊन आले तोवर सगळं गाव त्यांच्याकडे बी मागायला जायचं. रिस्पा आधी डोळे मिटायला लावी, हातात शेंग देई आणि विचारी, "सांग, खायची की टाकायची?" मी दोन वेळा चुकले आणि रिकाम्या हातानं घरी आले. सासू म्हणाली, परत जा. तिसऱ्यांदा मी शेंग चाचपत उभी होते, तेवढ्यात आतून दोरसिला ओरडली, "देऊन टाक गं तिला! नाहीतर उद्या परत येईल डोकं खायला."

"ओळखल्याशिवाय नाही," रिस्पा म्हणाली. "माझं आधीच एकदा चुकलंय."

टोक बोटाला वाकडं लागलं. मी म्हणाले, "खायची."

तिनं माझ्या ओच्यात मूठभर बी ओतलं.