क्रुसाखालची कवटी

नातीने हॅलोविनसाठी रस्त्याकडच्या खिडकीत कागदी सांगाडा टांगला. वाऱ्याने त्याचे हातपाय हलू लागले आणि चर्चमध्ये मिस्सा आटपून परतणारी आमची शेजारीण आग्नेस फाटकाशीच थबकली.

"अगं, ख्रिस्ती माणसाच्या घराला हे शोभतं का? सैतानाला आवतण आहे हे! आधी उतरव."

मला तिच्या पाठीमागे गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला जुना दगडी क्रूस दिसत होता. त्याच्या पायाशी कवटी कोरलेली आहे आणि कवटीखाली दोन आडवी हाडं. मे महिन्यात तो क्रूस घासताना कवटीच्या डोळ्यांतलं शेवाळ बोटाने काढायचं काम लहानपणी माझं असे. भीती कधी वाटली नाही. ज्या मरणावर प्रभूने पाय दिला त्याला काय भ्यायचं, असं आई म्हणायची. आग्नेससुद्धा मेणबत्ती लावते ती त्या कवटीच्या अगदी डोक्यावर.

परवा मृतांच्या दिवशी आम्ही सगळे दफनभूमीत जाऊ, आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं घालू, तिथेच बसून घरच्यासारख्या गप्पा मारू. मरणाशी इतकी जुनी ओळख असलेल्या आम्हाला हा भित्रेपणा कुठून चिकटला? आणि त्याला श्रद्धा म्हणायचं?

मी सांगाडा उतरवला. आग्नेसचा चेहरा खुलला. मग मी स्टूल घेऊन दाराशी गेले आणि चौकटीवरच्या क्रुसाच्या बरोबर खाली तो टांगला.

"आता ये आत," मी तिला म्हटलं. "चहा टाकते."