गुलाबचा दगड

वारलूभाऊ खोब्रागड्यांना लिहिता-वाचता येत नाही, हे मला आठ वर्षं ठाऊक नव्हतं. आणि मी स्वतःला शिक्षिका म्हणवते.

मी, सत्यशीला, चंद्रपूरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत होते. पुण्याला असताना ग्रीक-रोमन शिलालेखांचा आणि शिल्पांचा अभ्यास केला, आणि नोकरी लागली ती या जंगलाच्या तोंडाशी. "बाई, ग्रीस कुठी अन् धानोरा कुठी?" असं लोक हसून विचारत. मी भांडायचे. दगड तो दगड, म्हणायचे. कोणीतरी मेलं आणि कोणाला तरी ते विसरू द्यायचं नव्हतं, दोन्हीकडे बहुतेक एवढंच लिहिलेलं असतं.

वारलूभाऊ आमच्या विभागात शिपाई होते. सुट्टीत आम्ही दोघं गावोगावचे जुने मराठी शिलालेख शोधत फिरायचो. आपल्याकडे दगडावर कागद बसवून वरून शाईचा ठसा घेतात, पण ज्या दगडाला गाव हळदकुंकू वाहतं त्याच्याजवळ शाई कोण नेऊ देणार? म्हणून मी ग्रीक लेखांसाठी वापरतात ती रीत धरली. दगड भिजवायचा, ओला जाड कागद त्यावर चिकटवायचा, ब्रशने ठोकत अक्षरांच्या खाचांत बसवायचा आणि वाळला की सोलायचा. कागदाच्या दगडाला लागलेल्या पाठीवर अक्षरं उठून येतात, फक्त आरशातल्यासारखी उलटी. सवयीने ती उजवीकडून वाचता येतात. मी बोट फिरवत मोठ्याने वाचायचे आणि शेजारी बसून वारलूभाऊही बोट फिरवायचे. ठोकण्यात त्यांचा हात असा की कागद कधी फाटला नाही. मी पडले घाईची. माझा कागद फाटला की ते म्हणत, "बाई, दगड काई पळून नाई राह्यला."

पंच्याऐंशी साली एका दुपारी मी पुस्तकात ग्रीक थडग्याचं चित्र पाहत होते. खुर्चीत बसलेली एक बाई, तिच्यासमोर पेटी घेऊन उभी असलेली दासी. भाऊंनी चहा ठेवला आणि विचारलं, "यातली मेली कोन?"

"बसलेली."

"नाव आहे तिचं?"

"वर कोरलंय, बापाच्या नावासकट." मला कोणी काही विचारलं की मी थांबत नाही. सांगून टाकलं की त्या काळी लोक असे लेख सहसा मोठ्यानेच वाचत. रस्त्याने जाणारा थांबून वाचायचा आणि मेलेल्याचं नाव त्याच्या तोंडून निघायचं.

भाऊ ट्रे धरून उभेच राहिले. मग त्यांनी बायकोचं सांगितलं. ती आदल्या वर्षी काविळीने गेली होती. आईबापांनी ठेवलेलं तिचं नाव कचरी. आधीची लेकरं जगली नव्हती, म्हणून मरणालाही नकोशी वाटावी असं नाव ठेवलेलं. छप्पन साली चंद्रपूरला दीक्षा घेऊन घरी आली, तेव्हा तिने नवऱ्याला सांगितलं, आजपासून मी गुलाब. धर्म बदलला, नाव बदललं, गावाची जीभ काही बदलली नाही. शेतातून हाक यायची ती कचरी म्हणूनच.

"जाताना मले म्हने," भाऊ म्हणाले, "मले गुलाब म्हननारा तू एकटाच. तू गेला का संपलं."

ट्रे घेऊन ते निघून गेले.

तीन महिन्यांनी ते मला बसने आपल्या गावी घेऊन गेले, धानोऱ्याच्या अलीकडे. त्यांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पायवाटेला लागून, कमरेएवढा दगड उभा होता. रविवारी रविवारी येऊन त्यांनी स्वतः छिन्नी चालवली होती. गावातली चार-पाच माणसं भोवती होती.

"वाचा बाई, मोठ्यानं वाचा," भाऊ म्हणाले. "आठ दिवस झाले, येनारा-जानारा पाह्यते अन् निंघून जाते. कोनी वाचतच नाई."

मी पाहिलं. अक्षरं खोल होती, सुबक होती, एका उंचीची होती. आणि उलटी होती. ग, ल, ब, सगळी तोंड फिरवून उभी, उजवीकडून डावीकडे. भाऊंना अक्षरओळख होती ती एवढीच, माझ्या शेजारी बसून कागदाच्या पाठीवरून बोटांनी मिळवलेली.

मी त्यांना बाजूला मोहाच्या झाडाखाली नेलं. "भाऊ, बसच्या पाटीवर अशी अक्षरं असतात का हो?" आवाज चिडका निघाला. मी घाबरले की चिडते.

"ते पत्र्यावरचं लिहिनं, बाई. दगडाचं वेगळं राह्यते. तुमीच तर वाचत होत्या."

मग मला सांगावं लागलं. चूक माझी आहे, हेही सांगितलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. जगाला शिकवत फिरले आणि शेजारच्या माणसाला कधी विचारलं नाही, तुम्हाला वाचता येतं का. त्याची लाज मला अजून वाटते.

भाऊ दगडापाशी जाऊन बराच वेळ अक्षरांवर अंगठा फिरवत बसले. मग म्हणाले, "मांगची बाजू कोरी आहे. तुमी लिहून द्या, मी कोरतो."

मी खडूने लिहून दिलं. पुढच्या दोन रविवारांत त्यांनी ते कोरलं आणि दगड फिरवून रोवला. त्या दिवशी मीही गेले होते. माती दाबून होते न होते तोच शेजारच्या शेतातली सोनीबाई पायवाटेने आली. साठीची, चौथी शिकलेली. भाऊंच्या बायकोबरोबर तीस वर्षं एका बांधीच्या चिखलात तिने धानाची रोवणी केली होती.

ती थांबली. डोळे बारीक करून, एकेक अक्षर जुळवत तिने मोठ्याने वाचलं, "गु... ला... ब."

भाऊंनी डोळे मिटून घेतले.

सोनीबाई त्यांच्याकडे वळली. "कोन होय हे गुलाब?" तिने विचारलं. "आपल्या गावची नाई दिसत."

"माही बायको," भाऊ म्हणाले. "अजून एक डाव वाचा, सोनीबाई."