कोलोरॅडोची वेळ, ओहायोचं ग्रहण

सुनेत्रा देवस्थळी म्हणजे आमच्या ॲन आर्बरच्या सुनेत्राकाकू. नाशिकहून लग्न करून इकडे आल्या तेव्हा मिशिगनमध्ये मराठी घरं शोधावी लागायची. पुढे त्या इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागल्या आणि रक्तातली साखर, क्षार वगैरे मोजण्यात त्यांचं अख्खं आयुष्य गेलं. कामात इतक्या चोख, की त्यांनी तपासलेला नमुना कुणी पुन्हा तपासायला घेत नसे. पण लॅबच्या दाराबाहेर पाऊल पडलं, की काकू आणि वेळ यांचा काही संबंध उरायचा नाही.

मी, स्वानंदी, त्यांच्या शेजारी राहते, त्यामुळे हे सगळं जवळून पाहिलंय. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला काकूंचे मोदक यायचे ते आरती होऊन, लोक जेवायला बसल्यावर. त्या उशीर करायच्या तो आळसाने नव्हे. वाटेत कुणाच्या अंगणातला ट्युलिप बघायला थांबायच्या, फोनवर मैत्रिणीची अडचण ऐकत बसायच्या, आणि ज्या कामात शिरतील त्यात बुडून जायच्या. त्यांचे यजमान सुमंतकाका मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर होते. ते गाडीत बसून हॉर्नही वाजवायचे नाहीत. गाडीतच पेपर वाचून काढायचे.

काकूंना सत्तर वर्षं पूर्ण झाली तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर बेलव्ह्यूला राहणाऱ्या त्यांच्या लेकीने, अंतराने, एक मनगटी घड्याळ पाठवलं. तिचा हेतू थोडा चेष्टेचाच होता. पण काकूंनी सोबतची पुस्तिका वाचायला घेतली, ती चहा गार होईपर्यंत खाली ठेवली नाही. मग तशाच सपाता घालून माझ्या दारात.

“स्वानंदी, अगं ह्याला सेल बदलावाच लागत नाही! ह्या तबकडीच्या खाली सोलर पॅनल आहे. उजेड खातं हे. आणि पुढचं ऐक. कोलोरॅडोत एक रेडिओ स्टेशन आहे, तिथे अणुघड्याळ आहे. ते स्टेशन सारखं वेळ सांगत असतं आणि माझं घड्याळ रोज रात्री त्याच्याशी बोलतं!”

“बोलत नाही, फक्त ऐकतं,” मागून आलेले सुमंतकाका म्हणाले. “आमच्या घरात तेवढं तरी कुणीतरी करू दे.”

पहिल्या काही रात्री मात्र घड्याळाने काहीच ऐकलं नाही. सकाळी एक बटण दाबलं की सेकंद काटा सरकून सांगतो, रात्री संदेश मिळाला की नाही. काटा रोज जाऊन ‘नाही’वर उभा. काकूंनी ते आधी पलंगाशेजारी फोनच्या चार्जरजवळ ठेवलं होतं. पुस्तिकेत लिहिलं होतं, विजेच्या वस्तू आणि लोखंड यांच्यापासून लांब, खिडकीत ठेवा. मग घरातली एकेक खिडकी झाली. स्वयंपाकघरातल्या खिडकीखाली मायक्रोवेव्ह, तिथे जमेना. शेवटी काकांच्या खोलीत पश्चिमेच्या खिडकीत, कोलोरॅडोकडे तोंड करून घड्याळ ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला.

“लागलं गं! लागलं! हजार मैलांवरून लागलं!”

मी दात घासत होते. पण त्यांचा आवाज असा होता, की तशीच बघायला गेले.

तेव्हापासून काकू बदलल्या. कुणी सांगून नव्हे, नुसत्या त्या घड्याळाच्या प्रेमाने. सतत त्याच्याकडे बघायच्या, आणि सतत बघणाऱ्या माणसाला वेळ कळतेच. त्या वर्षी गणपतीला त्यांचे मोदक आधी आले, आणि आरतीचं तबक घेऊन येणारी मंडळीच मागे राहिली.  काकूंनी फक्त मनगट जरा वर धरलं.

मिशिगनच्या हिवाळ्यात एकदा त्यांचा जीव खालीवर झाला. सेकंद काटा एकेक सेकंद न जाता दोन-दोनची उडी मारायला लागला. घड्याळ बिघडलं, म्हणून त्या रडवेल्या झाल्या. खरं कारण साधं होतं. डिसेंबर, जानेवारीत इथे ऊन म्हणजे पाहुणा, आणि जे असतं तेही कोटाच्या बाहीखालच्या घड्याळापर्यंत पोचत नाही. ती उडी म्हणजे घड्याळाने ‘भूक लागली’ असं सांगणं. काका म्हणाले दिव्याखाली ठेव, पण दिव्याच्या अगदी जवळ ते तापतं, तेही बरं नव्हे. काकूंनी ते दक्षिणेच्या खिडकीत, खालच्या हीटरपासून दूर, ढगाळ उजेडातच दिवसचे दिवस ठेवलं. काटा पुन्हा एकेक सेकंद चालायला लागला. तेव्हापासून काकू थंडीतही डावी बाही दुमडून फिरतात. लोक विचारतात, गरम होतंय का? काकू सांगतात, “मला नाही, ह्याला जेवण चाललंय.”

मग आला दोन हजार चोवीसचा एप्रिल. खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा आमच्या गावाच्या जरासा दक्षिणेकडून, ओहायोतून जाणार होता. ॲन आर्बरमधून सूर्य जवळजवळ सगळा झाकलेला दिसणार, पण ‘जवळजवळ’ म्हणजे काहीच नव्हे, असं मंडळातली इशिता म्हणाली. ती विद्यापीठात खगोलशास्त्रात संशोधन करते. मंडळातल्या सिद्धेशने लगेच गाड्या ठरवल्या. मूळचा नागपूरचा, कामाने सॉफ्टवेअरवाला, आणि सहली काढण्याची भारी हौस.

“पण यार, एक प्रॉब्लेम आहे,” मीटिंगमध्ये तो म्हणाला. “सगळे वर बघणार. सूर्य पूर्ण झाकल्यावर ग्रहणाचे चष्मे कधी काढायचे, कधी परत घालायचे, हे कोण सांगणार? तिथे गर्दीत फोनचं नेटवर्क जाईल, ॲप चालेल न चालेल. कुणीतरी एक घड्याळवाला माणूस पाहिजे.”

कुणीतरी हसत म्हणालं, “सुनेत्राकाकू!” आणि सगळे हसले.

काकू हसल्या नाहीत. “मी करीन,” म्हणाल्या. “इशिता, त्या जागेची वेळ मला सेकंदापर्यंत सांगून ठेव.”

आता गंमत बघा. ग्रहण सोमवारी, आणि आदल्या शुक्रवारी काकू घड्याळाला अंघोळ घालायला बसल्या. दर काही आठवड्यांनी त्या जुन्या मऊ ब्रशने पट्ट्याच्या कड्यांमधला मळ काढतात आणि मऊ फडक्याने काच पुसतात, म्हणजे उजेडाला अडथळा नको. त्या दिवशी ओल्या हातातून घड्याळ निसटलं आणि सिंकच्या कडेवर आपटून खाली फरशीवर पडलं.

काच शाबूत होती. काटेही फिरत होते. काकूंचा जीव भांड्यात पडला. पण शनिवारी सकाळी त्यांनी सवयीने घड्याळ काकांच्या कॉम्प्युटरवरच्या वेळेशी ताडून पाहिलं, तर ते काही सेकंद मागे! बटण दाबलं, तर काटा ‘हो’ म्हणायच्या ऐवजी त्याच्या अलीकडेच कुठेतरी थांबला.

मी गेले तेव्हा काकू टेबलाशी हात जोडून बसल्या होत्या.

“काकू, दुसरं कुणाचं तरी घड्याळ घेऊ या,” मी म्हटलं. “माझा फोन आहे, सिद्धेशचा आहे...”

“थांब जरा,” त्या म्हणाल्या. आणि मग एकदम ताठ बसल्या. “स्वानंदी, आमच्या लॅबमध्ये एखादं मशीन सगळेच आकडे सारखे कमी दाखवायला लागलं, तर आम्ही काय करायचो? नमुन्यावर संशय घ्यायचो नाही. मशीनचं शून्य तपासायचो! ह्याला वेळ बरोबर ठाऊक असणार. आपटल्यामुळे ह्याचे काटे सरकलेत. ह्याला वाटतंय आपला काटा बारावर आहे, आणि तो आहे बाराच्या अलीकडे!”

पुस्तिका पुन्हा बाहेर निघाली. भिंग आलं. काटे शून्यावर आणण्याची कृती एका पानावर होती. चावी बाहेर ओढायची, एक बटण धरून ठेवायचं, मग सगळे काटे धावत जाऊन घड्याळाच्या मते जे बारा, तिथे उभे राहतात. काकूंनी बटण धरलं. काटे सर्रकन फिरले. तास आणि मिनिट काटे नीट बारावर आले, आणि सेकंद काटा बाराच्या थोडा अलीकडे रुसल्यासारखा उभा राहिला.

“बघ! बघ! सांगितलं नव्हतं?” काकूंनी माझा दंडच धरला. बिघाड सापडल्याचा एवढा आनंद मी कुणाला झालेला पाहिला नव्हता.

दुसरं बटण एकेकदा दाबत त्यांनी तो काटा पुढे ढकलला. दर वेळी श्वास रोखायचा, दाबायचं, भिंगातून बघायचं. काटा बाराच्या रेघेवर बरोबर बसला तशी त्यांनी चावी आत ढकलली. तरी काका म्हणाले, “आता रात्री संदेश मिळाला तर खरं.” घड्याळ पश्चिमेच्या खिडकीत गेलं. रविवारी मी अजून अंथरुणात होते, तोच फोन.

“‘हो’वर! बरोब्बर ‘हो’वर! आणि कॉम्प्युटरशी तंतोतंत!”

सोमवारी आम्ही भल्या सकाळी निघालो. ओहायोतल्या एका लहान गावात शाळेच्या मैदानावर जागा मिळाली. अख्खा गाव लोटला होता. चर्चच्या बायका सँडविच विकत होत्या, कुणी ट्रॅक्टरवर खुर्च्या मांडून बसलं होतं. आकाशात अगदी विरळ ढग, सूर्य मात्र स्वच्छ. सिद्धेशचं म्हणणं खरं ठरलं. दुपार होईतो गर्दीमुळे कुणाचाच फोन धड चालेना.

“सूर्य गेला की तुझं घड्याळ बंद पडणार,” काका म्हणाले.

“ह्याच्या पोटात काही महिन्यांचं ऊन आहे,” काकू म्हणाल्या. “तुम्ही तुमची टोपी सांभाळा.”

शेजारी डेल नावाचे एक उंच, म्हातारे शेतकरी बसले होते. काकू सारख्या मनगटाकडे का बघताहेत, असं त्यांनी विचारलं. काकूंनी सगळं सांगितलं. कोलोरॅडो, अणुघड्याळ, शुक्रवारचा अपघात, शून्य. डेल लक्ष देऊन ऐकत राहिले, मग उठून उभे राहिले आणि मैदानाकडे वळून इंग्रजीत ओरडले, “ऐका मंडळी, ह्या बाईंकडे खरी वेळ आहे!”

झालं. आम्हा मराठी मंडळींची घड्याळवाली बघता बघता सबंध मैदानाची झाली. लोक विचारायला यायचे, “किती राहिलं?” काकूंचा आवाज चढत चालला होता. सूर्याची कोर बारीक होत गेली. उजेड विचित्र झाला, धुतल्यासारखा, सावल्या धारदार. हवा गार पडली. शाळेच्या कोपऱ्यावरचा दिवा आपोआप लागला आणि झाडावरचे पक्षी गडबडून ओरडायला लागले. माझ्या अंगावर काटा आला.

“एक मिनिट!” काकू ओरडल्या. त्यांची नजर घड्याळावरून हलत नव्हती. “तीस सेकंद!” आणि मग त्यांनी उलटे आकडे मोजायला सुरुवात केली, “टेन! नाइन!” आणि अख्खं मैदान त्यांच्या मागे मोजायला लागलं. डेल, चर्चच्या बायका, ट्रॅक्टरवरचे लोक, सिद्धेश, सगळे. “थ्री! टू! वन!”

आणि सूर्य विझला! बरोब्बर त्या क्षणी. हिऱ्याच्या अंगठीसारखा एक ठिपका चमकला आणि गेला.

“चष्मे काढा!” काकूंनी आरोळी दिली आणि शेकडो माणसांनी एकदम जो आवाज केला, तो मला सांगता येत नाही. वर काळं वर्तुळ, भोवती पांढऱ्या रेशमासारखी प्रभा, आणि चारी दिशांना क्षितिजावर संध्याकाळ. इशिताने आयुष्यभर ह्याचा अभ्यास केलेला, ती हमसून हमसून रडत होती.

मी काकूंकडे पाहिलं. शेवटाची वेळही त्याच सांगणार होत्या, म्हणून त्या अजून घड्याळावरच नजर खिळवून होत्या. अंधारात काटे हिरवट चमकत होते. सुमंतकाकांनी हळूच त्यांची हनुवटी धरून वर केली.

“सुनेत्रा, अगं, वर बघ.”

काकूंनी वर पाहिलं. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मनगट खाली आलं, आणि पुढची सगळी मिनिटं त्या घड्याळ विसरल्या. शेवट सांगणं तर राहूनच गेलं. कडेला प्रकाशाचा पहिला मणी फुटला तेव्हा डेल आणि काका एकाच वेळी ओरडले, “चष्मे!” आणि सगळ्यांनी धडपडत चष्मे चढवले.

“अरे देवा, मी विसरले!” काकू म्हणाल्या. पण वाईट वाटल्याचं कुठलंच चिन्ह त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. त्या हसत होत्या, रडत होत्या, आणि डेल त्यांचा हात दोन्ही हातांत धरून जोरजोरात हलवत होते.

परतीच्या रस्त्यावर गाड्यांची मुंग्यांसारखी रांग. कुणालाच घाई नव्हती. खिडक्या उघड्या, शेजारच्या गाडीतले अनोळखी लोक आम्हाला तेच सांगत होते जे आम्ही त्यांना सांगत होतो. फोनला रेंज आल्याबरोबर काकूंनी अंतराला लावला आणि तिला बोलूच दिलं नाही. शेवटी फोन ठेवून म्हणाल्या, “पुढचं खग्रास कुठे आहे, इशिता?”

“दोन हजार सव्वीस. ऑगस्ट. स्पेन.”

“जायचं,” काकू म्हणाल्या.

“अगं, माझा गुडघा!” काका मागच्या सीटवरून म्हणाले.

“दोन वर्षं आहेत की. तेवढ्यात करून घ्या.”

काकांनी गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं. आता रोज संध्याकाळी दोघं तळ्याभोवती चालतात, आणि काका पुढे असतात.