बारीक माणसाची झडती

बुटांच्या कारखान्यात सुट्टीचा भोंगा झाला की झडतीमामा फाटकावरच्या खुर्चीतून उठायचे. बाहेर पडणाऱ्याची पिशवी उघडायची, डबा हलवून बघायचा, पोट सुटलेल्याच्या शर्टावरून हात फिरवायचा, हेच त्यांचं काम. खरं नाव सगळे विसरले होते, हे टोपणनाव मात्र मालकाच्याही तोंडी बसलं होतं. संशय घेण्याचाच पगार मिळणारा माणूस घरी येऊन तरी भोळा कसा होणार? दूध पातळ लागलं की दूधवाला लबाड, घड्याळ मागे पडलं की घड्याळवाला लबाड. नियम मात्र एकच: जाडा माणूस आधी अडवायचा, बारीक माणसाला जाऊ द्यायचं. लपवायला त्याच्याकडे जागाच कुठे असते?

कारखान्याने सगळ्यांचं रक्त तपासून घेतलं, तेव्हा मामांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलेलं निघालं. डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहून दिली. मामांच्या मनात पाल चुकचुकली. दवाखाना आणि लॅब एकाच इमारतीत, शिवाय तळमजल्याला औषधांचं दुकान!

"साखळी आहे, साखळी," ते घरी बायकोला म्हणाले. "वर रक्त काढायचं, खाली गोळ्या खपवायच्या. बघच कसा पकडतो."

"अहो, घ्या की ती गोळी. जगाची झडती घ्यायला तुम्हाला कुणी सांगितलंय?" मामी म्हणाल्या.

पण मामांनी सापळा रचलाच. मामी म्हणजे पाप्याचं पितर, जेवण चिमणीएवढं. त्यांचं रक्त त्याच लॅबमध्ये द्यायचं आणि तेही वाईट निघालं की चोरी उघडी पडली. मामी नको नको म्हणत राहिल्या. ही एवढी का टाळते, हा आणखी एक संशय. तशी मामांची नजर हल्ली तिच्यावर होतीच. बाजारातून येताना ती दुसऱ्या मजल्यावर पिशवी टेकवून किल्ली शोधत बसायची. घर तिसऱ्यावर, मग किल्ली दुसऱ्यावर कशाला? तिथल्या शेजारणीशी काहीतरी शिजतंय, असं त्यांनी धरूनच टाकलं होतं.

रिपोर्ट आला. मामींचं एलडीएल मामांपेक्षाही कितीतरी जास्त. मामांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मामींना घेऊन ते तडक दवाखान्यात गेले आणि दोन्ही कागद टेबलावर आपटले.

"ही काडी बघा आणि हा आकडा बघा. कुणाला बनवताय?"

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. "मामा, तेल पाण्यात विरघळतं का?"

"नाही."

"कोलेस्टेरॉलही रक्तात विरघळत नाही. म्हणून यकृत त्याला प्रथिनात गुंडाळतं, त्याची पुडकी बांधून रक्तातून पाठवतं. एलडीएल म्हणजे शरीरभर माल पोचवणारी पुडकी. ती फार झाली की रक्तवाहिनीच्या भिंतीत घुसतात, तिथेच साचतात आणि हृदयाची वाट अरुंद होते. एचडीएल ही दुसरी पुडकी साचलेला माल उचलून यकृताकडे परत नेतात, पण त्यांच्याही ताकदीला मर्यादा आहे."

"पण हिच्या पोटात माल जातोच किती?"

"बराचसा माल शरीर स्वतःच तयार करतं. यकृताला रक्तातली पुडकी परत ओढून घेता आली नाहीत, तर बारीक माणसाच्या रक्तातही ती तुंबतात. कधी हे घराण्यातूनच येतं." त्या मामींकडे वळल्या. "माहेरी कुणाला हृदयाचा त्रास?"

"वडील तरुणपणीच गेले. छातीत कळ येऊन."

"आणि तुम्हाला? जिना चढताना?"

मामी गप्प. असं गप्प राहणं मामांनी फाटकावर शेकडो वेळा पाहिलं होतं. पहिल्यांदाच त्यांना वाटलं, हिने काही कबूल करू नये.

"छाती आवळून येते," मामी म्हणाल्या. "दुसऱ्या मजल्यावर थांबले की जाते. नुसतं उभं राहिलं तर लोक विचारतात, म्हणून किल्ली शोधते."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हणाला असतात, नाटकं करते."

मामा तसंच म्हणाले असते. डॉक्टरीणबाईंनी लगेच हृदयाचा आलेख काढला, गोळ्या दिल्या आणि उद्या सकाळीच मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं. ओझं उचलायचं नाही, जिना सावकाश, आणि बसल्या जागी दुखलं तर क्षणभरही न थांबता मोठा दवाखाना गाठायचा. खालच्या दुकानात मामांनी गोळ्यांची पाकिटं उलटसुलट करून पाहिली नाहीत. स्वतःचीही गोळी मुकाट्याने घेतली.

घरी परतताना पिशवी मामांच्या हातात होती. दुसऱ्या मजल्यावर मामी थांबल्या आणि सवयीने पदराच्या गाठीत किल्ली चाचपू लागल्या.

"किल्ली माझ्याकडे आहे," मामा म्हणाले.

"माहितीये," म्हणत मामींनी हात खाली घेतला आणि कठड्याला धरून नुसत्याच उभ्या राहिल्या. मामाही त्यांच्याजवळ थांबले.